पुढचं चाक

तिला घरात खुडबुडी म्हणायचे. शाळेच्या दाखल्यावर चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते दाखल्यापुरतंच राहिलं. चालायला लागल्यापासून तिचे हात कशात ना कशात अडकलेले. लहानपणी तिने गजराचं घड्याळ उघडलं आणि परत जोडलं. घड्याळ चाललं, फक्त गजर त्याच्या मनाला येईल तेव्हा वाजू लागला. मग मिक्सरचा नंबर लागला, मग दाराच्या कुलपाचा. ते तिने सगळे घरात असताना खोललं आणि दार उघडेना, त्यामुळे खिडकीतून शेजाऱ्यांना हाका मारायची वेळ आली. वडील पोट धरून हसले. आई हसली नाही आणि ओरडलीही नाही. ती एवढंच म्हणाली, "उघडलंयस ना? मग बंद होईपर्यंत जागचं उठायचं नाही."

वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. बसले की पाय सरळ पुढे, म्हणून दुकानात त्यांच्या स्टुलासमोर एक खोकं ठेवलेलं असायचं आणि घरी टेबलाखाली दुसरं. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. दंडाला पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, सुई घालायची, हे तिचं दिवसभराचं काम. लोक म्हणायचे, बाईंचा हात हलका आहे, टोचलेलं कळतसुद्धा नाही.

आणि जिन्याखाली एक मोटारसायकल होती. ती आईची. हे कुणी लपवलं नव्हतं, पण त्यावर कुणी बोलतही नसे. लग्नाआधीपासून आई याच लॅबमध्ये नमुने गोळा करायच्या कामावर होती. गावभरच्या लहान दवाखान्यांतून बाटल्या घ्यायच्या आणि खराब व्हायच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. त्यासाठी तिच्या मामाने आपली जुनी गाडी तिला दिली. गोल पोटाची टाकी, एकच सिलिंडर, आणि चौकातून येताना घरात कळेल असा धडधडता आवाज. गाडी तेव्हाच म्हातारी होती. लग्नानंतर एका संध्याकाळी वडील मागे बसलेले असताना बोळातून अचानक हातगाडी पुढे आली. आईने ब्रेक दाबला, पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि दोघं फेकले गेले. आईला खरचटलं. वडिलांचा गुडघा गेला. गाडी टेम्पोत घालून घरी आणली, जिन्याखाली लोटली आणि तिच्यावर ताडपत्री पडली. पुढे ताडपत्रीवर जुनी गादी आली, मोडकी खुर्ची आली, गळकी बादली आली. त्यानंतरच्या वर्षी खुडबुडी जन्मली. आई तेव्हापासून बसने जाते.

खुडबुडी सतरा वर्षांची झाली, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या तंत्रशाळेत तिला प्रवेश मिळाला, आणि जेवताना तिने विषय काढला.

"आई, ती जिन्याखालची गाडी मी दुरुस्त करू?"

वडिलांचा घास हातातच राहिला. आईने जग उचलून तिघांच्या पेल्यांत पाणी ओतलं. तिचा स्वतःचा पेला भरलेलाच होता, त्यातही ओतलं.

"कशाला?"

"कॉलेजला न्यायला."

"बस आहे की."

"दोन बस आहेत. त्यातली दुसरी कधी येते, हे तिच्या ड्रायव्हरलाही माहीत नसतं."

वडील हसले आणि आईकडे बघून लगेच गप्प झाले.

"भंगार झालंय ते," आई म्हणाली. "काय करायचं ते कर. मला त्यात ओढू नकोस. आणि मी बघितल्याशिवाय रस्त्यावर न्यायची नाही."

"म्हणजे तू बघणार आहेस."

आई ताटं उचलून आत गेली. खुडबुडीने तो होकार समजला. सोयीचं असेल तेव्हा ती कशालाही होकार समजायची.

पुढच्या रविवारी गादी, खुर्ची, बादली बाहेर आली. हवेच्या गाळणीच्या डब्यात उंदरांनी संसार थाटला होता. टाकी हलवली की आतून वाळूसारखा गंज खळखळायचा. वायरींचं वेष्टण हातात भुगा होऊन यायचं. आणि किक जागची हलेना. त्या किकवर ती दोन्ही पायांनी उभी राहिली तरी किक ढिम्म.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांना तिने बोलावून आणलं. त्यांनी कमरेवर हात ठेवून गाडीभोवती एक फेरी मारली.

"आजीबाईंचा पिस्टन धरलाय. गंजून सिलिंडरला चिकटलाय. घेऊन ये गॅरेजमध्ये. वरून लाकूड ठेवू आणि हातोडा घालू. निघाला तर निघाला."

"आणि फुटला तर?"

"तर तुझी हौस फिटली," काका म्हणाले.

खुडबुडीने हातोडा घालू दिला नाही. तिने प्लगच्या भोकातून डिझेल आणि तेलाचं मिश्रण सोडलं आणि वाट बघायला सुरुवात केली. वाट बघणं हे तिच्या स्वभावात नव्हतं. रोज कॉलेजमधून आली की दप्तर टाकायची, गाडी गिअरमध्ये घालायची आणि मागचं चाक पुढेमागे हिसडून बघायची. काही नाही. परत डिझेल. तोवर बाकीची कामं होतीच. टाकीत मूठभर नट घालून ती अंगणात बसून हलवत राहायची, आतला गंज निघावा म्हणून. वरच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायच्या, "काय गं, खुळखुळा कुणासाठी?" घरातली पातेली एकेक करून जिन्याखाली गेली. एका सकाळी आईला परात सापडेना. ती मिळाली तेव्हा तिच्यात कार्बोरेटर सुटा होऊन रॉकेलमध्ये पोहत होता. आईने परातीकडे बघितलं, मग लेकीकडे, आणि कणीक पातेल्यात मळली. जिन्याखाली मात्र तिने एकदाही पाऊल टाकलं नाही. कपडे वाळत घालायला तो जवळचा रस्ता होता, तरी ती पुढच्या दाराने वळसा घालून जायची.

एका दुपारी चाक हिसडताना आत काहीतरी कुरकुरलं, आणि तिने पाय दिला तेव्हा किकचा दांडा नखभर खाली गेला. खुडबुडी तशीच काळ्या हातांनी वडिलांच्या दुकानात धावली.

"बाबा, हलला! नखभर हलला!"

वडिलांनी काच दिव्यासमोर धरली होती. ती खाली ठेवत ते म्हणाले, "नखभर म्हणजे पुष्कळ झालं. माझ्या कामात नखभर चुकलं तर माणसाला जिन्याची पायरी दिसत नाही."

त्या दिवसापासून वडीलही सामील झाले. त्यांना जमिनीवर बसता येत नसे, म्हणून त्यांच्यासाठी ती मोडकी खुर्ची खिळे ठोकून उभी केली. डोळ्याला दुकानातलं भिंग लावून ते ठिणगीचे पॉइंट घासून द्यायचे, आणि इतके सरळ घासायचे की काकांनी ते बघून नुसतीच मान हलवली. वायरी खुडबुडीने स्वतः ओढल्या. पिस्टन अखेर सुटला तेव्हा सिलिंडरला फार लागलेलं नव्हतं. काकांनी आतून घासून दिला, नव्या रिंगा बसवल्या, आणि हातोड्याचा विषय पुन्हा काढला नाही.

इंजिन सुरू झालं तेव्हा गाडीला पुढचं चाक जोडलेलंच नव्हतं. पुढून ती विटांवर टेकवलेली होती. खुडबुडीने किक मारली, मारली, घामाघूम झाली. पायाला गोळा आला तेव्हा वडील म्हणाले, "जरा श्वास घेऊ दे तिला. आणि तूही घे." नंतरच्या किकला इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं. इतक्या वर्षांचं साचलेलं तेल धूर होऊन निघालं. वरच्या वहिनी कपडे ओढून घेत ओरडल्या. खुडबुडी उड्या मारत होती. वडिलांनी काहीतरी म्हटलं, पण आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. स्वयंपाकघराची खिडकी मात्र आतून लागली.

पुढचं चाक तिने मुद्दामच मागे ठेवलं होतं. चाक धरणारा चिमटा गाडी पडली तेव्हा वाकला होता आणि तो काकांच्या ओळखीच्या कारखान्यात सरळ करून आणायचा होता. आता तो आला आणि चाकाची वेळ आली. चाक फिरत नव्हतं. गंजलं असेल असं धरून तिने ब्रेकच्या ड्रमला तेल दिलं, लाकडाने ठोकलं, आणि झाकण निघालं तेव्हा ती तिथेच उकिडवी बसून राहिली.

ब्रेकच्या दोन अर्धगोल बुटांपैकी एकाचं लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी जाड पट्टी, बुटावर नव्हतंच. ते सुटून, दुमडून, मधोमध तडकून बूट आणि ड्रम यांच्यामध्ये पाचरीसारखं बसलं होतं. ड्रमच्या आतल्या भिंतीवर एक खोल ओरखडा होता आणि जिथे तो संपत होता तिथेच तो तुकडा अडकलेला होता.

तिने ते काकांना दाखवलं. "काका, हे उभ्या गाडीत झालं असेल का? गंजून?"

काकांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. "उभ्या गाडीत पट्टी सुटेल, पण अशी दुमडणार नाही. हे चाक फिरत असताना झालंय. चाक जाम झालं ते यानेच."

खुडबुडी जवळजवळ पळतच घरी आली. इतकी वर्षं आई ज्या गोष्टीचं ओझं वाहत होती, ती गोष्ट या हाताएवढ्या लोखंडात होती आणि खोटी ठरत होती. आई टेबलाशी भाजी निवडत होती. खुडबुडीने कागद पसरून ड्रम तिच्यासमोर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "तू ब्रेक जोरात दाबला म्हणून नव्हतं ते. कुणीही दाबला असता तरी हेच झालं असतं. तुझी चूक नव्हती, आई!"

आईने ड्रमकडे बराच वेळ बघितलं. हात लावला नाही.

"आवाज येत होता," ती म्हणाली.

"कसला?"

"पुढच्या चाकातून. ब्रेक लावला की खर्र असं व्हायचं. बरेच दिवस येत होता. मला ऐकू येत होता आणि तो बरा नाही हेही कळत होतं. बाटल्या पोचवायची घाई असायची. आज उघडू, उद्या उघडू." तिने निवडलेली भाजी चाळणीत टाकली. "तू म्हणतेस ब्रेकची चूक. ब्रेक कुणाचा होता?"

खुडबुडीने मोठ्या आनंदाने आणलेली वस्तू टेबलावर पडून होती आणि आता ती परत कशी उचलावी हेही तिला समजेना. शेवटी आईच म्हणाली, "कागदासकट घे, नाहीतर टेबलाला तेल लागेल."

त्यानंतर काही दिवस जिन्याखाली कुणी गेलं नाही. खुडबुडी कॉलेजमधून यायची आणि पुस्तक उघडून बसायची. पान उलटत नसे. एका शनिवारी वडिलांचा डबा द्यायला ती दुकानात गेली. वडिलांनी स्वतःचं खोकं तिच्याकडे सरकवलं आणि पाय तसाच हवेत ताठ ठेवला.

"बस. गाडीवर रुसलीयस की आईवर?"

"मला वाटलं तिला बरं वाटेल."

"तू तिला माफी द्यायला गेलीस. तिने मागितली होती का?"

खुडबुडीने डबा त्यांच्यासमोर ठेवला.

"आणि एक गंमत सांगू?" वडील म्हणाले. "गुडघा माझा. पण त्याचं काय करायचं ते तुम्ही दोघीच ठरवताय, मला कुणी विचारतच नाही. तो आवाज मलाही ऐकू यायचा. ज्या दिवशी पडलो त्या दिवशी सकाळी ती पाना घेऊन बसली होती चाक उघडायला. मीच म्हटलं, राहू दे गं, आज सुट्टी आहे, फिरायला जाऊ. हे मी तिला दवाखान्यात सांगितलं. नंतरही सांगितलं. तिला वाटतं मी समजूत काढतोय."

"मग खरं काय?"

"खरं हेच सगळं. थोडं तिचं, थोडं माझं, थोडं त्या पट्टीचं. हातगाडीवाल्याचंही असेलच की थोडं." त्यांनी डबा उघडला. "तू दाखवलंस ते बरं केलंस. ते दाखवायलाच हवं होतं. फक्त ती लगेच हसेल असं धरून चालू नकोस. तिला वेळ दे. पिस्टनला दिलास ना?"

आई जिन्याखाली आली ती कुणीही न बोलावता. सकाळी खुडबुडी मागच्या चाकाचे आरे पुसत होती. पायांचा आवाज आला म्हणून तिने वर बघितलं. आईने लॅबमधले पांढरे हातमोजे घातले होते.

"दाखव तो ड्रम."

तिने तो उजेडात धरला. शीर शोधताना करायची तशी बोटं आतून फिरवली. ओरखड्यापाशी बोट थांबलं, पुढे गेलं, परत तिथेच आलं. मग तिने ड्रम खाली ठेवला. "हा वापरायचा नाही. दुसरा बघायचा. आणि मागचा ब्रेक उघडलास का?"

"मागचा ठीक आहे. चाक मोकळं फिरतंय."

"ठीक आहे हे उघडून सांग."

मागचा ब्रेक उघडला. तिथली पट्टीही एका टोकाला सुटत आली होती. मग आई मोडक्या खुर्चीत बसली आणि दुपारपर्यंत उठली नाही. काकांकडून आणलेले नवे बूट बसवताना तिचे हात आपोआप चालत होते. स्प्रिंग कुठून ओढायची, कुठे अंगठा ठेवायचा, हे ती सांगत नव्हती, करून मोकळी होत होती. खुडबुडीच्या लक्षात आलं की आपली ही खोड नेमकी कुठून आली. मिक्सर उघडल्याबद्दल आई कधी ओरडली का नाही, तेही कळलं.

म्हणून सगळं गोड झालं असं मात्र नाही. टायरवरून दोघींची चांगलीच जुंपली. जुन्या टायरांची नक्षी शाबूत होती आणि खुडबुडीच्या मते ते आणखी दोन वर्षं सहज चालले असते. आईने अंगठ्याने रबर दाबलं आणि बारीक चिरा उघडून दाखवल्या.

"वापरलेले नाहीत म्हणून नवे होत नाहीत. रबर म्हातारं झालंय."

"सगळं झालंय, आई! फक्त टायरसाठी महिनाभर थांबू?"

"थांब."

"काका म्हणाले चालतील."

"मग काकांच्या गाडीला लाव."

खुडबुडी पाय आपटत आत गेली. दोन दिवस घरात एकमेकींना निरोप वडिलांमार्फत जात होते आणि वडील ते आपल्या पद्धतीने सौम्य करून पोचवत होते. त्या मापाचे टायर शोधायलाच महिन्याहून जास्त लागला. तोवर खुडबुडी अठरा वर्षांची झाली, आईने गाडीची नोंदणी नव्याने करून घेतली, आणि घरात दोन हेल्मेट आली.

बाजाराला सुट्टी असते त्या दिवशी मंडईमागचं मैदान रिकामं असतं. तिथे त्यांनी गाडी ढकलत नेली. मी बघितल्याशिवाय रस्त्यावर न्यायची नाही, असं आई म्हणाली होती, आणि बघणं म्हणजे काय हे खुडबुडीला तेव्हा कळलं. आईने हेल्मेट घातलं, पाय टाकला, किकवर अंगाचं सगळं वजन एकदम सोडलं आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. ती हळू निघाली. मैदानाच्या टोकाला वळताना गाडी जराशी डगमगली, सावरली. परत येताना तिने वेग वाढवला आणि पुढचा ब्रेक दाबला. चाक थांबलं, जसं थांबायला हवं तसं. आई उतरली. तिला हेल्मेटचा बंद सोडता येईना. खुडबुडीने तो सोडून दिला.

"क्लच जड आहे," आई म्हणाली. "केबलला तेल दे."

मग तिने लेकीला शिकवायला घेतलं. गाडी चालवायला नव्हे, थांबवायला. खडीवर, मातीवर, सांडलेल्या पाण्यावर. आधी मागचा ब्रेक, मग पुढचा, दोन्ही मिळून, पुन्हा, परत एकदा. एकदा खुडबुडी खडीवर सपशेल आडवी झाली आणि कोपर सोललं. आई धावत निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. तिथूनच तिने विचारलं, "उचलता येतेय का?" खुडबुडीने दातओठ खाऊन गाडी उभी केली. मग आई आली आणि पर्समधून कापूस काढला. जखम पुसताना तिचा हात नेहमीसारखाच हलका होता.

परवान्याच्या परीक्षेत खुडबुडी आठच्या आकड्याच्या वळणावर पाय टेकवून नापास झाली. घरी येऊन तिने सगळा दोष वळणाला दिला. पुढच्या खेपेला पास झाली.

आता ती रोज कॉलेजला गाडीवर जाते. गाडी कुठून तरी तेल गाळतेच. अधूनमधून चढावर प्लग खराब होतो, मग ती रस्त्याच्या कडेला बसून पॉलिश पेपरने तो घासते आणि काळ्या बोटांनी वर्गात शिरते. वडील गाडीवर बसत नाहीत. तिने एकदा फार आग्रह केला, तेव्हा ते म्हणाले, "मला तुझा भरवसा आहे, गाडीचाही आहे. पायाला मात्र अजून पटलेलं नाही." त्यानंतर तिने विचारलं नाही.

आईने त्यानंतर गाडीचं नाव काढलं नाही. पण हल्ली सुट्टीच्या दिवशी सकाळी खुडबुडी जिन्याखाली जाते तेव्हा कधी कधी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केलेला असतो. खुडबुडी स्वतः तो बंद करायला हमखास विसरते. इंजिनाला हात लावला तर ते कोमट लागतं. ती काही विचारत नाही. टाकीचं झाकण उघडते, आत डोकावते आणि पेट्रोल भरून आणते.